हाकेला ओ

माझा धाकटा भाऊ तांडेल आहे. वडिलांची होडी त्याच्या वाट्याला आली आणि वडिलांची पक्कड माझ्या, असे आई आजही थट्टेने सांगते. त्यात तथ्य आहे. इंजिन बिघडले की वडील ते स्वतःच उघडून बसत. मी शेजारी कंदील धरून उभा असे आणि भाऊ नाळेवर बसून पाण्याकडे पाहत राही. पुढे मी मुंबईतील एका कारखान्यात लागलो. तेहतीस वर्षे विजेचे पुरवठासंच, म्हणजे ज्यांना आपण पॉवर सप्लाय म्हणतो ते, तपासले आणि दुरुस्त केले. २०१६ साली निवृत्त होऊन वसईला, पाचूबंदरच्या घरी परतलो.

परतल्यावर भावाने पहिले काम सांगितले ते होडीवरच्या बिनतारी संचाचे. होडीवर बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या आहेत; इंजिन चालू करायला चोवीस व्होल्ट लागतात. बोलण्याचा संच मात्र १३.८ व्होल्टवर चालणारा. यावर तोडगा म्हणून खालच्या एकट्या बॅटरीवरून तार काढून ती संचाला जोडलेली होती. काम भागत होते, पण बैलगाडीच्या एकाच बैलावर सारे जू टाकावे तसा हा प्रकार होता. खालची बॅटरी रोज अधिक उपसली जाई. चार्जिंगच्या वेळी दोघींतून सारखाच प्रवाह वाहत असल्याने वरची भरून उतू जाई आणि खालची अर्धपोटी राही. एका मोसमात एक तरी बॅटरी निकामी होई.

“दादा, तू आयुष्यभर हेच केलंस ना? मग एक पेटी करून दे,” तो म्हणाला.

चोवीस व्होल्टचे १३.८ करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वरचे १०.२ व्होल्ट जाळून टाकणे. संच पूर्ण शक्तीने, म्हणजे २५ वॅटने बोलू लागला की साडेपाच अँपिअर घेतो. मी हिशेबाला ६ धरले. १०.२ गुणिले ६ म्हणजे ६१ वॅट, एका दणकट सोल्डरिंग आयर्नची उष्णता, बंद पेटीत. ते शक्य नव्हते. म्हणून ज्याला आमच्या धंद्यात बक कन्व्हर्टर म्हणतात तो करायचे ठरविले.

त्याचे तत्त्व मी भावाला ओट्यावर बसून समजाविले होते. एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो सेकंदाला लाख वेळा उघडतो आणि मिटतो. जितका काळ तो चालू, तितकाच काळ चोवीस व्होल्ट पुढे जातात. चालू राहण्याचा वाटा साडेसत्तावन्न टक्के ठेवला की सरासरी १३.८ येते. पण सरासरीवर संच चालत नाही. त्याला सलग, शांत पुरवठा हवा. ते काम दोघे करतात, इंडक्टर आणि कपॅसिटर, म्हणजे आमच्या बाजारभाषेत चोक आणि कंडेन्सर.

“इंजिन बंद केलंस तर होडी जागीच थांबते का?” मी विचारले.

“कशी थांबेल? ओघानं जातेच की पुढे.”

चोक म्हणजे तो ओघ. त्यातील प्रवाह एकाएकी वाढत नाही आणि एकाएकी थांबतही नाही. स्विच चालू असताना तो हळूहळू चढतो. बंद झाला की डायोडच्या वाटेने उतरत राहतो. कंडेन्सर म्हणजे आपल्या मोरीतले पिंप. नळाला पाणी उसळत येवो की थेंबथेंब, पिंपाच्या तोटीतून सारखे मिळत राहते. भावाला हे पटले. त्याने एवढेच विचारले, “मग होडी किती जड आणि पिंप किती मोठं, हे कसं ठरवतोस?”

सारा प्रश्न त्याने एका वाक्यात मांडला होता.

मी गणित केले. चोकमधला प्रवाह दर फेरीत जो चढतो-उतरतो, त्याला रिपल म्हणतात. तो पूर्ण भाराच्या तीस टक्क्यांच्या आसपास ठेवावा, असा धंद्यातील जुना संकेत आहे. सहा अँपिअरचे तीस टक्के म्हणजे १.८ अँपिअर. बॅटऱ्या चार्ज होत असताना व्होल्टेज २८.८ पर्यंत चढते आणि रिपल तेव्हाच सर्वाधिक असतो, म्हणून हिशेब त्या टोकाला करायचा. २८.८ मधून १३.८ गेले, उरले १५. स्विच चालू राहण्याचा वाटा ०.४७९. दोहोंचा गुणाकार ७.१९. त्याला एक लाख फेऱ्यांनी आणि १.८ ने भागले की येतात ४० मायक्रोहेन्री. बाजारात मिळणारा त्याच्या वरचा आकडा ४७. गणितात कोठेही चूक नव्हती. मी ते पुढे कितीदा तरी तपासले आहे.

चूक झाली ती लॅमिंग्टन रोडवर. ऐन जुलैचा पाऊस, गुडघाभर पाणी आणि परतीच्या गाडीची घाई. मी काउंटरवर म्हणालो, “सत्तेचाळीस मायक्रोहेन्री, चार नग.” पलीकडच्या मुलाने खण ओढता ओढता विचारले, “काका, किती अँपिअरची?” मी म्हणालो, “जी असेल ती दे.” त्याने दिलेल्या काळ्या, ढोलक्याच्या आकाराच्या चोक कॉइलवर ४७० असे छापलेले होते. नवख्याला ते चारशे सत्तर वाटतात. वस्तुतः शेवटचे शून्य म्हणजे पुढे एकही शून्य देऊ नये अशी खूण असते, म्हणून ४७. मी ती खूण वाचली आणि समाधानाने पिशवीत टाकली. तो मुलगा माझ्या निम्म्याहून लहान वयाचा होता आणि विचारायला हवे ते नेमके त्याने विचारले होते.

त्या चार कॉइलमधून मी दोन पेट्या बांधल्या, एक होडीसाठी आणि एक जादा. घरात रिक्षाच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा एक दिवा होता. तो पावणेदोन अँपिअर घेतो. तो लावून पेटी तासभर चालविली. दिवा स्थिर जळला, १३.८ चे १३.७ सुद्धा झाले नाहीत. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि पेटी समुद्रावर गेली. चार महिने ती उत्तम चालली, कारण आमचे खलाशी जवळच्या होड्यांशी गप्पा मारताना संच एक वॅटवरच ठेवतात. तेवढ्याला दीड अँपिअर पुरतो.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीकडे ओखी वादळ उठले. केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार परतले नाहीत, हे आम्ही रोज वर्तमानपत्रांत वाचत होतो. मग ते वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे, आमच्या दिशेने वळले. ४ डिसेंबर २०१७ च्या दिवशी मुंबई-वसईवर पाऊस सुरू झाला. होड्या परतू लागल्या होत्या. सायंकाळपर्यंत बंदरातल्या बहुतेक आल्या. भावाची आली नाही. रात्री नवाच्या सुमारास शेजारचा तांडेल भिजल्या अंगाने ओट्यावर आला. आईसमोर बोलावे की नाही, हे त्याला कळत नव्हते. शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला, “दुपारपासून हाका मारल्या. एकदाही ओ आली नाही.”

समुद्रावर या वाक्याचा अर्थ काय होतो, ते बंदरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. भावजयीने आतल्या खोलीत दिवा लावला तो विझविलाच नाही. आई ओट्यावरून उठली नाही.

मी माझ्या खोलीत गेलो. काय करावे ते सुचत नव्हते, म्हणून जादा पेटी काढून टेबलावर ठेवली. तिचा होडीशी काही संबंध असेल असे तेव्हा माझ्या मनातही नव्हते. हाताला काम हवे होते, इतकेच. गणिताची वही उघडली. “भार ६ अँपिअर” ही माझ्याच अक्षरातली ओळ वाचली आणि ध्यानात आले की मी पेटी सहा अँपिअरवर कधी चालविलीच नाही. चालविली होती ती पावणेदोनवर.

शेजारचा रिक्षावाला जागाच होता. त्या रात्री अख्खी आळी जागी होती. त्याच्याकडून इंडिकेटरचे आणखी दोन दिवे आणि रिक्षाची बॅटरी आणली. ती घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडून चोवीस व्होल्ट केले. एक दिवा लावला: स्थिर उजेड. दुसरा लावला: भार साडेतीन अँपिअर झाला, पेटी बारीक कुरकुरू लागली आणि दोन्ही दिवे थरथरले. तिसरा लावताच तिन्ही विझले. तिसऱ्याची तार सोडली की पुन्हा पेटत. जोडली की पुन्हा काळोख. मी हे पाच-सहा वेळा केले. रात्रीचे दोन वाजले होते.

काय घडत होते ते सांगतो. फेराइटच्या गाभ्याला चुंबकत्व साठविण्याची एक सीमा असते. ती ओलांडली की गाभा तृप्त होतो. मग तो असून नसल्यासारखा. कॉइल ४७ मायक्रोहेन्रीची राहत नाही, निव्वळ तारेचे वेटोळे उरते. मला मिळालेली कॉइल सुमारे तीन अँपिअरलाच तृप्त होत होती. त्यापलीकडे प्रवाहाला अडविणारे काही उरत नसे, तो क्षणात आठ अँपिअरवर उसळे आणि मीच बसविलेले संरक्षण पेटी बंद करी. फेराइट गरम झाले की ही सीमा आणखी खाली येते: थंड असताना अर्ध्या टेस्लाच्या आसपास, शंभर अंशांना त्याच्या चार-पंचमांश. कॉइलवर छापलेला आकडा खरा होता, पण तो बिनओझ्याचा आकडा होता.

मग समुद्रावर काय होत असेल, ते डोळ्यांपुढे आले. भाऊ लांबच्या होड्यांना गाठण्यासाठी संच २५ वॅटवर नेत असेल, बोलण्याचे बटण दाबत असेल आणि दाबताक्षणी संच अंधारात जात असेल. बटण सोडले की संच पुन्हा जिवंत, कारण तो जुन्या धाटणीचा, फिरवून चालू करायचा होता. म्हणजे त्याला सर्वांच्या हाका ऐकू येत असतील. त्याला फक्त ओ देता येत नसेल.

हा विचार मनात आल्यावर मला प्रथम काय वाटले, हे प्रामाणिकपणे लिहायचे तर सुटका वाटली. होडी गप्प आहे त्याला दुसरेही एक कारण असू शकते. आणि ते कारण मी आहे, हे त्यामागोमाग आले. दोन्ही भावना इतक्या चिकटून आल्या की आजही मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

ओट्यावर जाऊन आईला आणि भावजयीला सांगावे की नाही, यात पाच मिनिटे गेली. होडी खरोखरच बुडाली असेल तर मी त्यांना खोटी आशा देत होतो. आणि नसेल तर आपला दोष लपवीत होतो. शेवटी सांगितले. भावजय माझ्याशी एरवी फारसे बोलत नाही. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “भाऊजी, म्हणजे ते ऐकताहेत?”

“ऐकत असेल. टप्प्यात असला तर.”

“मग तुम्ही बोला ना त्यांच्याशी. ओ कशाला हवी?”

तेहतीस वर्षांच्या अनुभवाला हे सुचले नव्हते.

मी आणि शेजारचा तांडेल लहान होडीतून त्याच्या नांगरलेल्या होडीवर गेलो. पौर्णिमा नुकतीच झालेली, तरी ढगांमुळे काही दिसत नव्हते. १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मी भावाला हाक मारली. “तू बोलू नकोस. नुसतं ऐक. माझी पेटी खराब आहे. तिची तार काढ आणि खालच्या बॅटरीला जोड, पूर्वीसारखी.” दोन माणसांच्या संचांत समुद्रावर पंधरा-वीस मैलांपलीकडे सहसा बोलणे होत नाही, तो त्याहून दूर असेल तर मी वाऱ्याशी बोलत होतो. दर पंधरा मिनिटांनी तेच वाक्य. तांडेलाने मध्ये चहा आणला. पावणेपाच वाजता संच खरखरला आणि भावाचा आवाज आला, “ऐकलं रे दादा. कालपासून सगळ्यांचं ऐकतोच आहे.”

जाळी ओढायला वेळ लागला म्हणून तो मागे पडला होता, एवढेच. होडी सकाळी लागली. त्याच रात्री वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याकडे जाता जाता विरले. भावाने मला दोष दिला नाही. आईने मात्र ती पेटी होडीवरून स्वतः उतरवून घेतली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली, काही न बोलता.

नवी पेटी करायला मला पुढचे सहा महिने लागले. एरवी हे काम आठवड्याचे. या वेळी वहीतला प्रत्येक आकडा मी ओझ्याखाली घालून पाहिला.

चोक मी स्वतः गुंडाळली. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे एक कडे सापडते, लोहभुकटीचे. फेराइट सीमेपाशी एकाएकी कोसळते, ही भुकटी मात्र हळूहळू थकते. सत्तावीस मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरची इनॅमल तार घेऊन २६ वेढे दिले. मीटरवर ६३ मायक्रोहेन्री आले. पण मीटर मोजतो तो रिकाम्या हाताचा आकडा. सहा अँपिअर वाहत असताना ऑसिलोस्कोपवर प्रवाहाचा चढ पाहिला आणि त्यावरून हिशेब केला तेव्हा ४३ च्या आसपास उरले होते. गणित ४० मागत होते. म्हणजे ४० हवे असतील तर ६३ गुंडाळावे लागतात. हे कारखान्यात आम्हाला ठाऊक होते. तिथे आम्ही ते पुस्तकातल्या आलेखावरून काढत असू आणि कधी मोजत नसू.

भावाने विचारले, “मग सरळ दहापट जड का नाही करत? ओघ अजून वाढेल.” प्रश्न चांगला होता. जड होडीचा ओघ मोठा, पण तिला वळवायलाही वेळ. त्याने बटण दाबले की भार अर्ध्या अँपिअरवरून साडेपाचावर जातो. ४३ मायक्रोहेन्रीच्या चोकमधला प्रवाह तितका चढायला, स्विच सतत चालू ठेवला तरी, २१ मायक्रोसेकंद लागतात. दहापट मोठ्या चोकला दोनशेहून अधिक लागतील. नियंत्रक त्यात आपली दिरंगाई मिसळतो ती वेगळीच. तेवढा वेळ संचाला पोसायचे कोणी? पिंपाने. म्हणून चोक आणि कंडेन्सर यांचा निर्णय वेगवेगळा करताच येत नाही.

पिंपाचे गणित मला नेहमीच फसवे वाटते. सूत्राने पाहिले तर ४७० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर पुरून उरतो, १.६ अँपिअरच्या रिपलला तो व्होल्टेज अवघे ४ मिलिव्होल्ट हलू देतो. पण प्रत्येक कंडेन्सरला स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो. पिंप कितीही मोठे असो, तोटीत कचरा बसला असेल तर पाणी धड जातही नाही, येतही नाही. साध्या इलेक्ट्रोलिटिकचा तो रोध ०.२ ओहम धरला तर त्याच १.६ अँपिअरला व्होल्टेज ३२० मिलिव्होल्ट हलते. कोठे ४ आणि कोठे ३२०! तेवढ्याने संचात सतत सूं-सूं आवाज राहतो आणि लांबची, क्षीण हाक त्यात बुडून जाते. मी ०.०४ ओहमचे, खास कमी रोधाचे दोन कंडेन्सर शेजारी शेजारी जोडले. लहर ३२ मिलिव्होल्टवर आली. बटण दाबल्यावर व्होल्टेज पाव व्होल्ट खाली जाऊन सावरते. संचाला त्याचे काही वाटत नाही.

खरा धडा पेटीच्या दुसऱ्या टोकाला होता. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर, स्विचच्या अलीकडे, एक कंडेन्सर असतो. पाहुण्याला दारात पायपुसणे असावे तसा तो सवयीने बसविला जातो; त्याचा विचार कोणी करत नाही. मीही २२० मायक्रोफॅरडचा साधा नग बसविला होता. तीन दिवे लावून पेटी तासभर चालविल्यावर मी एकेका भागाला बोट लावत गेलो. चोक कोमट, स्विच गरम आणि या नगाला बोट ठेववेना.

तेव्हा गणित केले. स्विचच्या पुढे चोक आहे, म्हणून तिथला प्रवाह सौम्य चढ-उताराचा. स्विचच्या मागे मात्र प्रवाह तुकड्यांनी ओढला जातो: आता सहा अँपिअर, आता शून्य, सेकंदाला लाखदा. बॅटरीच्या लांब तारा इतक्या चपळ नसतात, म्हणून तो झटका हा अलीकडचा कंडेन्सर सोसतो. स्विच चालू राहण्याचा वाटा अर्धा असला की ही ओढ सर्वांत जास्त, भाराच्या निम्मी. आणि चोवीसाचे पावणेचौदा करणे म्हणजे जवळजवळ अर्धेच. सहा अँपिअरच्या भाराला तीन अँपिअर या एका नगातून आत-बाहेर जात होते. पुढच्या, ज्यांची मी एवढी काळजी घेतली त्या कंडेन्सरांच्या वाट्याला सारे मिळून अर्धा अँपिअरसुद्धा येत नव्हता. तिनाचा वर्ग नऊ, रोध ०.१५ धरला तर १.३५ वॅट, बोटाच्या पेराएवढ्या डब्यात. इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते, हा ठोकताळा सर्वांना माहीत असतो. पहिली पेटी कॉइलमुळे फसली नसती तर मोसम-दोन मोसमांनी या नगामुळे फसली असती, आणि तेव्हा तर ऐकूही येणे बंद झाले असते.

त्या जागी कमी रोधाचे, ६३ व्होल्टचे तीन नग बसविले, प्रत्येकी एक अँपिअरच्या हिशेबाने. जोडीला सिरॅमिकचे दोन लहान कंडेन्सर दिले. सिरॅमिकचा रोध नगण्य, पण त्यांचेही छापील आकड्याशी वाकडेच आहे: लहान आकाराच्या नगावर चोवीस व्होल्ट चढविले की धारिता बरेचदा निम्म्याच्या आसपास येते. मी ती तशीच धरली.

बाकी कामे हाताची होती. चोक जड, इंजिनाच्या हादऱ्याने तिचे पाय तुटू नयेत म्हणून ती सिलिकॉनने चिकटविली. खारी हवा आत जाऊ नये म्हणून पेटी बंद केली आणि आतली नऊएक वॅट उष्णता बाहेर पडावी म्हणून तिची पाठ ॲल्युमिनियमची ठेवली.

जुलै २०१८ मध्ये, बंदी अजून उठायची असताना, पेटी होडीवर बसविली. भावाने संच २५ वॅटवर नेला आणि बटण दाबून धरले. मी पेटीवर हात ठेवून बसलो. किनाऱ्यावर शेजारच्या तांडेलाच्या संचापाशी भावजय आणि आई उभ्या होत्या. काय बोलावे ते भावाला सुचेना, म्हणून तो माशांची नावे घेत सुटला: पापलेट, घोळ, रावस, दाढा, बोंबील, मांदेली. दहा मिनिटे झाली तेव्हा त्याची नावे संपली आणि पलीकडून आई म्हणाली, “बस कर रे, समजलं.”

दरवर्षी १ जूनला बंदी सुरू झाली की मी पेटी उतरवून घरी आणतो. अलीकडचे तीन कंडेन्सर काढून रोध मोजतो. गेल्या वर्षी तिघांपैकी एकाचा ०.०४ चा ०.०७ झाला होता. तसा तो आणखी एक मोसम चालला असता. मी तिन्ही बदलले. दुकानातला तो मुलगा आता दुकान सांभाळतो. त्याने विचारण्याआधीच मी अँपिअर सांगितले.